चिपच्या नावाची शाखा घ्यायची का?

सीईटीचा निकाल लागला की प्रवेशाच्या शेवटच्या फेरीपर्यंत नागपुरात करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे येणाऱ्या पालकांच्या तोंडी हल्ली एकच विषय असतो. “मॅडम, चिपचं खूप चालून राहिलं म्हणतात. पोराला त्यातच घालायचं का?” धरमपेठेतले डॉक्टर हेच विचारतात आणि वाडीचे ट्रकमालकही हेच विचारतात. संधी हुकेल ही एक धास्ती. सगळं हवेतच विरलं तर काय, ही दुसरी. या दोन्हींच्या मध्ये मूल खाली मान घालून बसलेलं असतं.

असंच एक कुटुंब आलं होतं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून सांगते. वडिलांचं हिंगणा रोडला मोटर रिवाइंडिंगचं दुकान, आई शाळेत शिक्षिका. मुलीला आपण सायली म्हणू. तिला नागपूरच्याच एलआयटी या जुन्या सरकारी संस्थेत केमिकल इंजिनिअरिंग मिळण्यासारखे गुण होते. वडिलांच्या मनात मात्र एका खाजगी कॉलेजची ‘व्हीएलएसआय’ (म्हणजे चिप डिझाइन) नाव असलेली शाखा होती, तीही मॅनेजमेंट कोट्यातून. त्यासाठी प्लॉट विकायची त्यांची तयारी होती.

“केमिकल घेऊन काय करणार न मॅडम? जमाना चिपचा आहे.”

“आणि तुला काय वाटतं गं?”

“बाबा म्हणतात ते बरोबरच असेल,” सायली म्हणाली.

आईची काळजी निराळी होती. “तो वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येणार होता, तो गुजरातला गेला. मग तिथूनही फॉक्सकॉन बाहेर पडली. अशा गोष्टीवर मुलीचं आयुष्य लावायचं?”

त्यांची शंका रास्त होती. सप्टेंबर २०२२ मध्ये ती घोषणा झाली आणि जुलै २०२३ मध्ये भागीदारी मोडली. पण चित्र तिथेच थांबलेलं नाही, हेही मी त्यांना सांगितलं. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये या उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना जाहीर केली होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातमधल्या धोलेऱ्याला टाटा आणि तैवानच्या पीएसएमसी या चिप कंपनीच्या ९१,००० कोटींच्या कारखान्याला मंजुरी मिळाली. त्याची नियोजित क्षमता महिन्याला ५०,००० वेफरची, म्हणजे ज्यांच्यावर चिप घडतात त्या चकत्यांची आहे. गुजरातमधलंच साणंद आणि आसामातलं जागीरोड इथे चिप पॅक करून तपासण्याचे कारखाने मंजूर झाले. तरीही घोषणेकडे बघून शाखा निवडू नये, असं माझं ठाम मत आहे. कारखाना कुठे आणि कधी उभा राहील हे आपल्या हातात नसतं. रोज सकाळी उठून कोणतं काम करायला आवडेल, याचा शोध मात्र आपल्याला घेता येतो.

मुलांना मी “तुझी आवड काय?” असं आधी विचारत नाही. सतरा-अठराव्या वर्षी मुलांनी कामं पाहिलेलीच नसतात, मग आवड कुठून सांगणार? आधी काम दाखवावं, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघावं. इतक्या वर्षांच्या कामातून माझी ही धारणा पक्की झाली आहे. म्हणून पुढच्या भेटीत आईवडिलांना बाहेर बसवून मी सायलीला एवढंच विचारलं, “बारावीत कशात वेळ गेलेला कळायचा नाही?”

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला, टायट्रेशनमध्ये. सगळ्या मुली रीडिंग जुळवून लिहायच्या. मला ते नाही जमायचं. खरंच तीनदा सारखं येईपर्यंत मी करत राहायचे. मॅडम रागवायच्या.”

मी तिला वेफर कसा घडतो ते सांगायला घेतलं. सिलिकॉनची ३०० मिलिमीटरची चकती. तिच्यावर प्रकाशाला संवेदनशील रसायनाचा थर द्यायचा, साच्यातून प्रकाश पाडायचा, नको तो भाग कोरून काढायचा, नवा थर बसवायचा, घासून सपाट करायचं. अशा शेकडो पायऱ्या, आणि त्यात दोन-तीन महिने जातात. त्या रसायनाला निळा आणि अतिनील प्रकाश चालत नाही, म्हणून त्या खोलीत पिवळे दिवे असतात. आणि सारखं धुणं चालू असतं. एका प्रचलित पद्धतीत आधी अमोनिया आणि हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात, त्याने कण आणि सेंद्रिय मळ निघतो. नंतर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि पुन्हा पेरॉक्साइड, त्याने धातूंचे अंश जातात.

सायलीने मला मध्येच थांबवलं. “पण पेरॉक्साइडने सिलिकॉनवर ऑक्साइड येईल ना? मग ते काढायला एचएफ लागत असेल. एचएफ काच खातं, आणि काच म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइडच.”

खरोखरच तिथे सौम्य हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. तो थर नेमका कुठे काढायचा आणि कुठे ठेवायचा, हेही तिथे ठरवावं लागतं. मी हे तिला सांगितलेलं नव्हतं, ती स्वतः तिथवर पोचली होती. आवाज बदलला होता, पाठ ताठ झाली होती. असा क्षण समोर घडतो तेव्हा मी वहीत काही लिहीत नाही, नुसती बघत राहते.

मी वडिलांना आत बोलावलं आणि तिलाच पुन्हा समजावून सांगायला लावलं. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी म्हणाले, “म्हणजे हे आमच्या वार्निशसारखं झालं. वाइंडिंग कितीही चांगली भरा, वार्निश नीट भाजली नाही तं मोटर परत येते.” थोडं थांबून म्हणाले, “मंग हिला केमिकलच पाहिजे न.” हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं, याचं मला फार समाधान वाटलं.

अनेक घरांत ‘चिप म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स’ असं पक्कं झालेलं असतं. प्रत्यक्षात हे तीन वेगळे संसार आहेत. डिझाइन हे संगणकासमोरचं काम, ते मुख्यतः बंगळूर, हैदराबाद, नोएडा, पुण्यात चालतं. त्यासाठी इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा पाया लागतो, आणि पुढे आपल्याच नागपूरच्या व्हीएनआयटीत व्हीएलएसआयचं एमटेक आहे. प्रत्यक्ष निर्मितीत केमिकल, मटेरियल्स, भौतिकशास्त्र, मेकॅनिकल या सगळ्यांना जागा असते. अतिशुद्ध पाणी आणि विषारी वायू सांभाळणारा माणूसही तिथे तितकाच लागतो. पॅकेजिंग आणि टेस्टिंगमध्ये डिप्लोमावाल्यांनाही वाव आहे. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईने २०२३ मध्ये व्हीएलएसआयच्या बीटेकसोबत आयसी, म्हणजे चिप, मॅन्युफॅक्चरिंगच्या डिप्लोमाचाही अभ्यासक्रम आणला.

म्हणून माझा सल्ला असा की पदवीला रुंद पायाची मूळ शाखा घ्या आणि चिपकडे नंतर वळा. १९४२ पासून केमिकल शिकवणाऱ्या एलआयटीची पदवी चिपचा कारखाना लांबला तरी औषधं, रंग, पेट्रोकेमिकल अशा उद्योगांत चालते. नुसत्या नव्या नावासाठी कोट्यातली फी भरायची असेल, तर आधी त्या कॉलेजात जाऊन प्रयोगशाळा उघडून दाखवायला सांगा. शिकवणारे कोण आहेत, मुलं इंटर्नशिपला कुठे जातात, हेही विचारा. आयआयटी मुंबई आणि बंगळूरच्या आयआयएससीतल्या नॅनो प्रयोगशाळांत बाहेरच्या कॉलेजांच्या विद्यार्थ्यांना केंद्राच्या कार्यक्रमातून प्रशिक्षण मिळतं. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या मंचावर याच विषयाचे कोर्स फुकट बघता येतात. तिसऱ्या वर्षापर्यंत मुलाने यातलं काहीतरी केलेलं असावं.

कारखाना रात्रंदिवस चालतो, तेव्हा रात्रपाळ्याही येणार. नखशिखांत झाकणारा पोशाख घालून तासन् तास उभं राहावं लागणार. हे मी सायलीच्या आईपासून लपवलं नाही. त्या म्हणाल्या, “नर्सेस करतातच की रात्रपाळी.”

सायली आता एलआयटीत आहे. उन्हाळ्यात तिने बुटीबोरीतल्या एका कारखान्यात पाण्याच्या शुद्धीकरणाचं काम पाहिलं आणि एमटेकच्या प्रवेशासाठीच्या ‘गेट’ परीक्षेची पुस्तकं आणली. धोलेरा की आणखी कुठे, हे तिने ठरवलेलं नाही. वडिलांचा परवा फोन होता. धाकटा दहावीला आहे, त्याला पॉलिटेक्निकला घालायचं म्हणतात. त्याला रविवारी घेऊन या म्हटलं, आणि येताना त्याने हाताने दुरुस्त केलेलं काहीतरी सोबत आणू द्या.