लॅपटॉपवर चहा, कार्डावर व्याज

प्रश्न: मी नाशिकला राहते, वय 34. घरून डिझाइनची कामं घेते, महिन्याला सरासरी 45 हजार मिळतात. आई माझ्यावर अवलंबून आहे. गेल्या आठवड्यात लॅपटॉपवर चहा सांडला. सर्व्हिस सेंटरवाले मदरबोर्ड बदलायचे 38 हजार सांगतात. विकताना दुकानदाराने 6 हजारांची एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारली होती, ‘सगळं कव्हर होतं’ म्हणून. ती आता नाकारली. 75 हजारांचा नवा लॅपटॉप नो-कॉस्ट ईएमआयवर घेऊ का? कार्डावर 80 हजार बाकी आहेत, पण मिनिमम ड्यू वेळेवर भरते. 20 वर्षांच्या एंडोमेंट (विमा आणि बचत एकत्र असलेल्या) पॉलिसीचे 60 हजारांचे चार वार्षिक हप्ते भरलेत, त्यामुळे हातात रोख नाही.

उत्तर: लॅपटॉपचं आधी उरकतो. एक्स्टेंडेड वॉरंटी म्हणजे मशीनमधल्या मूळ दोषांवरच्या कंपनीच्या वॉरंटीची मुदत वाढवणं. सांडलेल्या चहासाठी ‘अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज’चं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. 6 हजार गेले, सोडून द्या. मशीन चालू करून बघू नका, चार्जर लावू नका, तांदळाच्या डब्यातही ठेवू नका. चहातली साखर आणि दूध तांदूळ शोषत नाही, आणि बोर्ड गंजतो तो त्या चिकट थरामुळेच. चिप-लेव्हल काम करणाऱ्याकडे न्या. तो बोर्ड काढून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुईल, जळालेला भाग बदलेल. बऱ्याचदा हे काही हजारांत भागतं. फाइल्स साठवणारी एसएसडी सुटी निघत असेल, तर बोर्ड गेला तरी तुमच्या फाइल्स वाचू शकतात. नाहीच झालं, तर रिफर्बिश्ड, म्हणजे दुरुस्त करून विकलेलं जुनं मशीन बघा.

आता तुम्ही न विचारलेलं. ‘मिनिमम ड्यू वेळेवर भरते’ हे तुम्ही अभिमानाने लिहिलंय, आणि पत्रातली खरी गळती तिथेच आहे. महिना साडेतीन टक्के धरले तर 80 हजारांवर 2,800 रुपये व्याज, त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 3,300. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर तुम्ही भरता 4,000. मुद्दल फिटतं जेमतेम 700! शिवाय बाकी ठेवलेल्या कार्डावर नव्या खरेदीला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. किराण्यावरही पहिल्या दिवसापासून व्याज. त्यावर नव्या लॅपटॉपचा, बारा महिने धरले तर सव्वासहा हजारांचा ईएमआय चढवलात, तर कार्डालाच महिन्याला दहा हजार. नो-कॉस्टमध्येही व्याजावरचा जीएसटी आणि प्रोसेसिंग फी बहुधा तुमच्याच माथी येते.

आणि याच वेळी तुम्ही वर्षाला 60 हजार अशा पॉलिसीत घालता, जी फार तर पाच-सहा टक्के देईल. चाळीस टक्क्यांचं कर्ज अंगावर ठेवून सहा टक्क्यांची बचत! ही पॉलिसी ज्याने विकली त्याला कमिशन मिळालं, तुम्हाला रोखीची चणचण.

विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यूचा, म्हणजे पॉलिसी मध्येच मोडली तर हाती येणाऱ्या रकमेचा आकडा लेखी मागवा. चार हप्त्यांनंतर भरलेल्या 2 लाख 40 हजारांपैकी निम्मे, म्हणजे 1 लाख 20 हजारांच्या आसपास यावेत. थोडा बोनसही असेल. निम्मे बुडाले म्हणून जीव हळहळेल, पण पुढचे 16 हप्ते, 9 लाख 60 हजार, अजून तुमच्याच हातात आहेत. आलेल्या रकमेतून कार्ड शून्य करा. उरलेल्या 40 हजारांतून दुरुस्ती करा, बाकीचे बचत खात्यात वेगळे ठेवा.

मग हप्त्याचे महिना 5 हजार आणि कार्डाचे 4 हजार मोकळे होतात. वर्षाला लाखाच्या वर. सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत म्युच्युअल फंडातल्या एसआयपीचं नाव काढू नका, कुणी पंधरा टक्क्यांचं स्वप्न दाखवलं तरी.

एक क्रम मात्र चुकवू नका: आई अवलंबून आहे, म्हणून आधी एक कोटीचा टर्म विमा, म्हणजे बचत नसलेला निव्वळ आयुर्विमा, हातात पडू द्या (तुमच्या वयाला, धूम्रपान नसेल तर, वर्षाला साधारण बारा-पंधरा हजार), मगच जुनी पॉलिसी मोडा. एजंट ‘अजून एकच हप्ता भरा, मग बघू’ म्हणेल. त्या एका हप्त्याने परतावा किती टक्क्यांनी वाढतो, तेवढं त्याच्याकडून ईमेलवर लिहून घ्या.