वाचकांचे प्रश्न : शाळेचा अर्ज, व्हिसा आणि ऑफिसातली खिडकी

प्रश्न : आम्ही नुकतेच टेक्ससला आलो. मुलीच्या पब्लिक स्कूलच्या प्रवेशासाठी ऑफिसात व्हिसा आणि सोशल सिक्युरिटी नंबर (अमेरिकी सरकारचा ओळखक्रमांक) मागितला. द्यावाच लागतो का?

उत्तर : नाही. शाळेला मुख्यतः तीन गोष्टी लागतात : मुलीचं वय, तुम्ही त्याच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये (शाळेच्या हद्दीत) राहता याचा पुरावा (भाडेकरार, विजेचं बिल) आणि लसीकरणाची नोंद. वयासाठी भारतातला जन्मदाखला चालतो. पासपोर्ट दाखवलात तर फोटो आणि जन्मतारखेचं पान पुरे, व्हिसाच्या पानाची झेरॉक्स देऊ नका. नंबर नसेल किंवा द्यायचा नसेल तर शाळा तिला दुसरा ओळखक्रमांक देते, पण त्यावरून प्रवेश नाकारता येत नाही. सवलतीच्या जेवणाच्या अर्जात सही करणाऱ्या पालकाच्या नंबराचे शेवटचे चार आकडे विचारतात. तिथेही ‘नंबर नाही’ अशी चौकट असते.

याचा पाया टेक्ससमध्येच घातला गेला. टायलर गावच्या शाळा कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागत होत्या. १९८२ साली ‘प्लायलर विरुद्ध डो’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते घटनाबाह्य ठरवलं. खिडकीवरची व्यक्ती बहुधा जुनी यादी वाचून कागद मागत असते, त्यात कावा असतोच असं नाही. ‘हे सक्तीचं आहे का, तसं लेखी द्याल का?’ एवढं शांतपणे विचारा.

प्रश्न : आमचा एच-४ चा (एच-१बी नोकरदाराच्या कुटुंबाच्या व्हिसाचा) अर्ज अडकलाय. शाळेत आइसचे (इमिग्रेशन कायद्याची धरपकड करणाऱ्या खात्याचे) अधिकारी आले तर शाळा मुलांना त्यांच्या हवाली करेल का?

उत्तर : शाळा, दवाखाने अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करू नये, ही सरकारची सूचना जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतली गेली. पण ते खात्याचं अंतर्गत धोरण होतं. घटनेची चौथी दुरुस्ती (अवाजवी झडती आणि अटकेपासून संरक्षण देणारी) आणि ‘फर्पा’ हा १९७४ चा विद्यार्थी-नोंदींचा कायदा दोन्ही जागेवर आहेत.

प्रत्यक्षात सगळं ठरतं ते रिसेप्शनवर. नीट तयारी असलेल्या शाळेत अधिकाऱ्यांना तिथेच थांबवतात, ओळखपत्र आणि कागद यांची नक्कल घेतात, आणि मुख्याध्यापक सुपरिंटेंडेंट (डिस्ट्रिक्टचे प्रमुख) व डिस्ट्रिक्टच्या वकिलाला फोन करतात. वॉरंटवर सही कुणाची, हा कळीचा मुद्दा. आय-२०० किंवा आय-२०५ या फॉर्मवर इमिग्रेशन खात्याच्याच अधिकाऱ्याची सही असते. त्याच्या जोरावर वर्गात शिरता येत नाही. न्यायाधीशाची सही आणि न्यायालयाचं नाव असेल तर मात्र शाळेला ऐकावं लागतं. चूक होते ती इथेच : वर ठळक अक्षरात ‘वॉरंट’ छापलेलं पाहून दुसऱ्याच्या जागी तात्पुरता बसलेला कर्मचारी दार उघडून देतो, आणि शाळेनेच परवानगी दिली की कागद कसला होता हा वाद मागे पडतो. त्यामुळे ऑफिसच्या प्रत्येक माणसाला हा फरक शिकवला आहे का, हे पालकसभेत जरूर विचारा. शाळेबाहेरचा रस्ता आणि बसथांबा शाळेच्या हातात नसतो.

नोंदींचं म्हणाल तर पालकांच्या लेखी संमतीशिवाय शाळा त्या देऊ शकत नाही. न्यायालयाचा आदेश किंवा कायदेशीर समन्स आलं, तरी साधारणपणे आधी पालकांना कळवायचा प्रयत्न करावा लागतो. पण दोन फटी आहेत. ‘डिरेक्टरी माहिती’ म्हणून डिस्ट्रिक्टने जाहीर केलेले तपशील संमतीविना देता येतात, आणि त्यात पत्ता, फोन, इतकंच काय जन्मस्थळही असू शकतं. वर्षाच्या सुरुवातीला नकाराचा फॉर्म येतो. मुदतीत भरून द्या. काही ठिकाणी त्यामुळे वार्षिकांकातून मुलाचं नाव गळतं, तेव्हा अंशतः नकार चालतो का ते विचारून घ्या. दुसरी फट म्हणजे शाळेच्या स्वतःच्या पोलिस विभागाने ठेवलेल्या नोंदी. त्यांना फर्पाचं संरक्षण नाही.

आणि शाळेतल्या आणीबाणीच्या संपर्काच्या कार्डावर फक्त तुम्हा दोघांची नावं नकोत. जवळ राहणारी, गाडी चालवणारी, दिवसा फोन उचलणारी दोन-तीन माणसं हवीत. घ्यायला येताना त्यांना फोटो-ओळखपत्र लागेल. पुण्यातल्या आजीचा नंबर तिथे कामाचा नाही. उपचारांना संमती द्यायचा अधिकार मात्र या कार्डाने मिळत नाही, त्यासाठी राज्याचा वेगळा फॉर्म असतो.

प्रश्न : भाचा व्हिजिटर व्हिसावर सहा महिने येतोय. तोवर शाळेत घालू का?

उत्तर : घालू नका. शाळा व्हिसा विचारत नाही, म्हणून प्रवेश कदाचित मिळेलही. पण बी-२ वर (म्हणजे व्हिजिटर व्हिसावर) रीतसर शिक्षण घेता येत नाही आणि ते पुढच्या व्हिसाच्या वेळी आडवं येतं. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) पब्लिक स्कूल फक्त नववी ते बारावी, जास्तीत जास्त १२ महिने, आणि पूर्ण खर्च आधी भरून. एच-४, एल-२ आणि एफ-२ या आईवडिलांवर अवलंबून असलेल्या व्हिसांवरच्या मुलांना ही अट नाही.