भरतीची वेळ आधी ठरव

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम नमस्कार.

‘गोव्यातल्या खाजनांतील पाण्याची गुणवत्ता’ हा तुझा विषय गाइडनी मान्य केला, छान झालं. (खाजन म्हणजे बांध घालून खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन.) पण हा अजून विषय आहे, प्रश्न नाही. वर्षभराच्या प्रबंधाला झेपेल असा प्रश्न साधारण असा असतो: दिवाडी बेटावरच्या एका मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या दारांच्या) आत आणि बाहेर, ऑगस्ट ते जानेवारी, खारटपणा आणि विरघळलेला ऑक्सिजन कसा बदलतो? या एका वाक्यावर गाइडची संमती घे, मगच बाटल्यांची यादी कर. पावसाळा मात्र वगळू नकोस. पावसाने मीठ धुऊन निघतं म्हणून तर खाजनात भात पिकतं. ऑक्टोबरात सुरुवात केलीस तर तो भाग हातातून गेलाच.

बहुतेकांचं काम बिघडतं ते वेळेमुळे. भरती रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. दर शनिवारी सकाळी दहाला गेलीस, तर एका शनिवारी भरती आणि पुढच्या शनिवारी जवळपास ओहोटी मिळेल, आणि आलेखातल्या चढउताराला तू ‘प्रदूषण’ म्हणशील. त्यापेक्षा अमावास्या-पौर्णिमा धरून जा. भरती जवळपास त्याच घटकेला येते, आणि सहा महिन्यांत बारा फेऱ्या होतात. निष्कर्ष उधाणापुरतेच (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीपुरतेच) आहेत, हे प्रबंधात स्पष्ट लिही.

मानशीची दारं भरतीला पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. दार उघडं असताना बाहेरून भरलेली बाटली म्हणजे आतलंच पाणी. म्हणून बाहेरचा नमुना दार मिटलेलं असतानाच घ्यायचा.

ऑक्सिजनसाठी विंकलर पद्धत (रसायनं घालून ऑक्सिजन मोजण्याची) पुरेशी आहे, पण पाणी जागेवरच ‘फिक्स’ करायला हवं, म्हणजे रसायनं घालून त्यातला ऑक्सिजन बांधून ठेवायला हवा. बाटली पाण्याखाली तिरकी धरून हळू भर. बुडबुडा राहिला की आकडा वाढतो. आधी मँगनीज सल्फेट, मग अल्कली-आयोडाइड, दोन्ही पिपेटचं टोक पाण्यात बुडवून. तपकिरी साका (तळाशी बसणारा गाळ) आला तर ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. पहाटे हा आकडा सर्वांत कमी असतो, दुपारी चढतो, म्हणून घड्याळातली वेळ वहीत हवीच. वहीत पेन्सिलनेच लिही, शाई पावसात पसरते.

खारटपणाला रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारा) उन्हाळ्यात चालतो. ऑगस्टच्या गोड्या पाण्यात त्याच्या खुणा फार ढोबळ पडतात. तेव्हा कंडक्टिव्हिटी मीटरच (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजणारा) वापर.

एका ठिकाणी तीन बाटल्या भर, पण त्यांतून फक्त मोजमापातली चूक कळते. तीन बाटल्या म्हणजे तीन खाजनं नव्हेत. एका मानशीवरून ‘गोव्यातली खाजनं’ असं लिहिलंस तर परीक्षक पहिला प्रश्न तिथेच विचारतील, आणि तो रास्तच असेल.

बांधावर जाण्याआधी तिथल्या कुळांना आणि मानशीवर मासेमारीचा लिलाव घेतलेल्याला भेट. दार कधी उघडतात, कोणत्या दिवशी जाळं लावतात, हे त्यांच्याइतकं नेमकं कोणी सांगणार नाही. चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्यात नमुने घ्यायला शिरायचं असेल तर वनखात्याची लेखी परवानगी लागते; अर्ज जूनमध्येच दे.

जुलैत एक चाचणी फेरी कर: दोनच ठिकाणं, सहा बाटल्या. आकड्यांचा तक्ता आणि अर्धं पान टिपण गाइडच्या हातात दे. ‘काय करू?’ असं विचारण्यापेक्षा ‘या दोन बाटल्यांत इतका फरक का?’ असं विचार.

तुझा हितचिंतक