वॉचडॉग लावला म्हणजे झालं असं नाही

भावा, आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजणारी सिस्टीम करतोयस हे ऐकून लई बरं वाटलं, २०१९ चा पूर बघितलाय आम्ही सांगलीकरांनी. पण अशी सिस्टीम रियल टाइम लागते, आणि रियल टाइम म्हणजे फास्ट नव्हे, काम ठरलेल्या वेळेच्या आत आणि दर वेळी व्हायला पाहिजे, म्हणून सरासरी वेळ बघून खूश होऊ नकोस, सगळ्यात वाईट केस मोज.

प्रायॉरिटीवर, म्हणजे कुठलं काम (टास्क) आधी चालायचं यावर, जास्त डोकं घाल. १९९७ ला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि मग मधूनच रिसेट व्हायला लागलं. कारण काय, तर खालच्या प्रायॉरिटीचा हवामानाचा टास्क म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला डेटा वापरू देणारं कुलूप) धरून बसलेला, मधले टास्क त्याला चालूच देईनात, आणि तोच म्युटेक्स पाहिजे असलेला वरचा टास्क ताटकळत. पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरलेल्या टास्कला वाट बघणाऱ्याची वरची प्रायॉरिटी तात्पुरती देणं) चालू केलं तेव्हा थांबलं. फ्रीआरटीओएस (छोट्या कंट्रोलरवर चालणारी रियल टाइम ऑपरेटिंग सिस्टीम) असेल तर शेअर्ड डेटाला म्युटेक्सच लाव, बायनरी सेमाफोरला (टास्कना एकमेकांना इशारा द्यायचं साधन) इनहेरिटन्स नसतं.

वॉचडॉग म्हणजे वेळेवर किक (जिवंत असल्याचा इशारा) मिळाली नाही तर कंट्रोलर रिसेट करणारा पहारेकरी, त्याला टायमर इंटरप्टमधून (ठराविक वेळाने आपोआप चालणाऱ्या कोडमधून) किक करू नकोस, मेन लूप (मुख्य प्रोग्राम) मेला तरी इंटरप्ट चालूच राहतो. कुपवाडच्या एका कामात मी हेच केलेलं, कंट्रोलर रात्रभर अडकलेला आणि वॉचडॉग गप्प! सगळ्या टास्कनी हजेरी लावली तरच किक.

आणि नेटवर्कचं, रीडिंग आलं नाही म्हणजे पातळी शून्य नव्हे. प्रत्येक रीडिंगसोबत वेळ पाठव, दोन तासापूर्वीचा आकडा ताजा म्हणून दिसला तर नदीकाठची माणसं घरातच थांबतील रे. लाईट आणि टॉवर दोन्ही जाणार हे धरूनच बॅटरी निवड.