पायरोफोरिकला ‘ज्वालाग्राही’ म्हणता येईल का?

प्रश्न असा आहे की काही धातूंची एकदम बारीक पूड हवेत आपोआप पेट घेते, तिला पायरोफोरिक म्हणतात, तर मराठीत ज्वालाग्राही चालेल का. माझ्या मते नाही चालणार. ग्राही म्हणजे घेणारा, पेट्रोल ज्वालाग्राही आहे कारण बाहेरून ठिणगी मिळाली की ते लगेच धरतं, पण इथे ठिणगी द्यायला कुणी लागतच नाही, नुसती हवा लागली की पुरे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘अग्नी वाहणारा’ असाच आहे.

स्वयंज्वलनशील त्यापेक्षा खूप बरा, लेखात मी तोच वापरीन. फक्त कोळशाचा ढीग आतल्या आत तापून दिवसांनी पेटतो त्यालाही आपण स्वयंज्वलनच म्हणतो, आणि पायरोफोरिक पदार्थ तर हवा लागल्यावर ५ मिनिटांच्या आत पेटला पाहिजे अशी रसायनांच्या वर्गीकरणातली अट आहे. म्हणून पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘हवा लागताच पेटणारा’ असं सरळ लिहून टाकावं, वाचणाऱ्याला लगेच कळतं.

आता पूड की कीस, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शाळेतला लोहकीस वर्षानुवर्षं बाटलीत पडून असतो, फार तर गंजतो, पण आयर्न ऑक्झलेट (लोखंडाचं एक संयुग) नळीत तापवून जी काळी भुकटी मिळते ती हवेत ओतली की खाली पडेपर्यंत ठिणग्या होतात. धातू लोखंडच, फरक कणांचा. १ सेंमीच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौ. सेंमी, त्याचेच १ मायक्रॉनचे घन केले तर तो ६ चौ. मीटर होतो, म्हणजे १० हजार पट, आणि ऑक्सिजनशी संयोगाची क्रिया एवढ्या सगळ्या पृष्ठभागावर एकदम सुरू झाली की उष्णता निघून जायच्या आत कण लाल होतो. त्यामुळे इथे कीस लिहू नका, भुकटी किंवा पूडच लिहा. (रेनी निकेल या सच्छिद्र उत्प्रेरकाची पूड याच कारणाने पाण्याखाली ठेवतात.)

क्रियापद मात्र मराठीत आयतं आहे. पेटवणे आणि पेटणे. सूचना लिहिताना ‘ही पूड पेटवू नये’ असं लिहिलंत तर वाचणारा काडेपेटी लांब ठेवेल आणि डबा उघडा टाकेल, तिथे ‘हवा लागल्यास पेटते’ असंच हवं.