किनाऱ्यावरच्या गावाला समुद्र राखण्यासाठी आणि मुलांना समुद्र शिकवण्यासाठी अनुदान कुठून मिळेल?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: देवगड तालुक्यातलं खाडीच्या तोंडाशी असलेलं गाव. एक महिला बचत गट आणि काही तरुण मच्छीमार मिळून कांदळवन (मॅन्ग्रोव्ह) आणि किनारा राखायचं, शाळेतल्या मुलांना समुद्र शिकवायचं ठरवताहेत. नोंदणीकृत संस्था नाही. कुणीतरी सांगितलंय की अशा कामाला परदेशातून भरपूर ग्रँट मिळते, तर ती कशी मिळवायची?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गटांना असे प्रस्ताव लिहायला आणि मागाहून हिशेब लावायला मी मदत करते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

परदेशी पैशाचा नाद सध्या सोडा. विदेशी अंशदानाच्या कायद्याखाली, म्हणजे एफसीआरएखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय असा पैसा घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षं जुनी लागते आणि त्या ३ वर्षांत मूळ कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले दाखवावे लागतात. पूर्वी मुंबई-पुण्याची एखादी मोठी संस्था परदेशी निधी घेऊन त्यातला थोडा गावातल्या छोट्या संस्थेकडे वळता करायची. २०२० च्या दुरुस्तीनं ती वाट बंद झाली, कारण घेतलेला पैसा आता दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. मोठी संस्था स्वतः तुमच्या गावात येऊन काम करू शकते, पण पासबुक तिचंच राहतं. आणि गटातल्या कुणाच्या वैयक्तिक खात्यावर तर असे पैसे अजिबात मागवू नका. कायदा संस्थेइतकाच व्यक्तीलाही लागू आहे.

संयुक्त राष्ट्र संघ, त्याच्या विशेष संस्था आणि जागतिक बँक मात्र या कायद्यात ‘परदेशी स्रोत’ धरल्या जात नाहीत. सिंधुदुर्गात असा आंतरराष्ट्रीय निधी आलेलाही आहे. यूएनडीपी, म्हणजे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रम, आणि जागतिक पर्यावरण निधीचा सागरी जैवविविधतेचा प्रकल्प याच जिल्ह्यात झाला. पुढे २०१८ मध्ये हरित हवामान निधीनं महाराष्ट्र, आंध्र प्रदेश आणि ओडिशाच्या किनाऱ्यासाठी ४ कोटी ३४ लाख डॉलर मंजूर केले. हे पैसे सरकारमार्फत, आपल्याकडे वन विभागाच्या कांदळवन कक्षाच्या वाटेनं गावात उतरतात. म्हणून तुमचं पहिलं दार तेच.

कांदळवन कक्ष २०१२ चा. त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान आहे. २०१७ पासून कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना चालू आहे. गटानं मिळून प्रकल्प घेतला तर ९० टक्के अनुदान आणि १० टक्के तुमचा वाटा. एकट्यानं घेतला तर ७५ आणि २५. खेकडापालन, कालवं, पिंजऱ्यातले मासे, शोभिवंत मासे, निसर्ग पर्यटन, असं बरंच त्यात बसतं. गावात कांदळवन सहव्यवस्थापन समिती असावी लागते, आणि कांदळवन राखायची जबाबदारी गावानं घ्यायची असते. तुमच्यासारख्या गटाला ही अट सोयीचीच आहे, कारण जे करायचं मनात आहे तेच सरकार मागतंय. फक्त तो १० टक्क्यांचा वाटा कुठून येणार हे आधी ठरवा. मंजुरी आल्यावर वर्गणीसाठी दारोदार फिरणारे गट मी बघितलेत, आणि तिथे पहिल्याच महिन्यात कुरबुरी सुरू होतात.

बघून यायचं असेल तर वेंगुर्ल्याला जा. मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाची कांदळवन सफर आहे. होडी बायकाच वल्हवतात. तिवर कुठला, कांदळ कुठला, चिपी कुठली, चिखलातून वर आलेली ती टोकं म्हणजे झाडाची श्वसनमुळं, हे सगळं त्याच दाखवतात. लहानपणापासून ही खाडी बघत आलेल्या बायका बोलतात तेव्हा पाहुणा कान देऊन ऐकतो.

आता ज्याच्यासाठी मुळात हे लिहायला घेतलं ते सांगते. अनुदान कुठलं यापेक्षा ते कुणाच्या नावावर येणार आणि सही कुणाची चालणार, यावर सगळं अवलंबून असतं. मालवणचं उदाहरण तुम्हाला ठाऊक असेल. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, जेमतेम २९ चौरस किलोमीटरचं, आणि मच्छीमारांचा विरोध पुढे वर्षानुवर्षं राहिला. जिथे पिढ्यान्‌पिढ्या जाळं टाकलं तिथला नियम दुसऱ्या कुणीतरी ठरवला, ही भावना सहजासहजी जात नाही. याच्या उलट रत्नागिरीतल्या मंडणगड तालुक्यातल्या वेळासला झालं. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेनं तिथे कासवांच्या अंड्यांचं संरक्षण सुरू केलं, पण रोज पहाटे पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, फिरणारी, घरटी हलवणारी माणसं गावातलीच होती. २००६ पासून कासव महोत्सव सुरू झाला आणि पाहुण्यांच्या जेवणाखाण्याचे, राहण्याचे पैसे थेट घराघरांत जाऊ लागले. आज मंडणगड-दापोलीच्या किनाऱ्यावर कासवाचं घरटं दिसलं की कळवायला गावकरीच पुढे येतात.

म्हणून नवी संस्था काढायच्या आधी गावात काय आहे ते बघा. मच्छीमार सहकारी सोसायटी असेल. बचत गट उमेदमध्ये, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानात, असेल तर त्याचा प्रभागसंघ, म्हणजे आसपासच्या गटांचा मिळून संघ, असेल. जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असायलाच हवी. बहुतेक ठिकाणी ती कागदावर असते, पण कागदावरची समितीसुद्धा तुमच्या कामाची आहे. ती जागी करा, लोक जैवविविधता नोंदवहीत, म्हणजे गावातल्या जीवसृष्टीच्या नोंदींच्या वहीत, समुद्राचं पान भरा. रापण संघ, म्हणजे किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढणाऱ्यांचा गट, अजून चालू असेल तर त्याहून चांगली गोष्ट नाही. दोर ओढायला हात लावला त्याला वाटा, हा हिशेब तिथल्या लोकांच्या अंगात भिनलेला आहे. अनुदानाचा हिशेबही तसाच चारचौघांत, महिन्याच्या महिन्याला, वाचून दाखवा.

शिक्षणाच्या भागाबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचंय, कारण प्रस्तावात तोच भाग सगळ्यात कच्चा असतो. ‘दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी विद्यार्थ्यांची किनारा भेट’ असं वाक्य मी नेहमी वाचते. दुसऱ्या शनिवारी सकाळी दहाला भरती असली तर मुलं काय बघणार? खडपातली डबकी, त्यातली समुद्रफुलं, शंखातले खेकडे, खडकाला चिकटलेली कालवं, सगळं पाण्याखाली. तुमच्या गावातल्या कुठल्याही जुन्या तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, विचारा, तो तिथीची पाऊणपट करून भरती सांगेल. तृतीया असेल तर तीनची पाऊणपट, म्हणजे सव्वादोनला भरती, म्हणजे सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी. अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी, पण ती भांगाची, पाणी फारसं मागे जात नाही. म्हणजे शाळेसाठी चांगले दिवस अमावास्या-पौर्णिमेनंतरची द्वितीया-तृतीया. पाणी उधाणाचं, म्हणून ओहोटीला खूप मागे जातं आणि वेळही मुलांना झेपणारी. नंतर भरती-ओहोटीच्या तक्त्यात ताडून बघा, कारण दिवसातल्या दोन ओहोट्यांपैकी एक जास्त खाली जाते. प्रस्तावाला वर्षभराचं वेळापत्रक या हिशेबानं करून जोडा. तपासणाऱ्या माणसाला पहिल्याच नजरेत कळतं की लिहिणाऱ्याला समुद्र माहीत आहे.

आणि हा पाऊणपटीचा हिशेब मुलांना त्या तांडेलालाच शिकवू द्या. त्याला मानधन द्या. समुद्रावर जाणाऱ्या माणसाचा एक दिवस म्हणजे त्याच्या घरचा एक दिवसाचा पैसा. ‘स्थानिक मच्छीमार स्वयंसेवक म्हणून सहभागी होतील’ असं लिहून तो फुकट मागू नका. शिकवायला शहरातून येणाऱ्याला आपण विनातक्रार पैसे देतो, मग त्यालाच का नाही?

दुसरी गोष्ट लिलावाच्या जागेची. २०२३ मध्ये राज्यानं पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. त्याच वर्षी पन्नासहून अधिक जातींच्या मासळीसाठी किमान लांबीचा नियमही आला. सातवी-आठवीच्या मुलांच्या हातात फूटपट्टी आणि वही द्या. आठवड्यातून एकदा बंदरावर बांगडे, पापलेट, सौंदाळे मोजायचे, गावातलं नाव, लांबी, कुठल्या जाळ्यातले, हे लिहायचं. खर्च जवळपास नाही. वर्षभरानं हातात जी वही राहील ती सोसायटीलाही उपयोगी पडते, आणि लहान मासळीवर घरात बोलणं सुरू होतं. एवढंसं पापलेट पकडून काय मिळतं, हा प्रश्न पोरानं बापाला विचारणं आणि अधिकाऱ्यानं विचारणं यात फार फरक आहे.

किनारा सफाईबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सफाई करावीच. पण गोळा केलेलं प्लास्टिक आणि तुटकी जाळी पुढे कुठे जाणार याची सोय नसेल, तर त्यासाठी अनुदान मागू नका. गोण्या पुळणीच्या कडेला पडून राहतात आणि पावसाळ्यात पुन्हा खाडीत जातात.

बाकीची दारं थोडक्यात. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे सामाजिक जबाबदारीचा, निधी पर्यावरण आणि शिक्षण दोन्हींसाठी चालतो, पण घेणाऱ्या संस्थेकडे आयकर खात्याची १२ए, ८०जी आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ ची नोंदणी लागते. तुमच्याकडे हे नसल्यानं ज्यांच्याकडे आहे अशा जिल्ह्यातल्या संस्थेबरोबर लेखी करार करा, आणि कुठला खर्च कुणाच्या संमतीनं होणार ते त्यात स्पष्ट घाला. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत शिंपले, कालवं, समुद्रशैवाल यांच्या शेतीला महिलांना ६० टक्के आणि सर्वसाधारण लाभार्थ्यांना ४० टक्के मदत आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. आणि २०१८ पासूनची एक योजना गावात प्रत्येकाला सांगा: जाळ्यात कासव, डॉल्फिन किंवा देवमासा यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याची भरपाई २५ हजार रुपयांपर्यंत मिळते. सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ लागतात, म्हणून होडीवरच्या एकाला तरी हे आधीच पक्कं ठाऊक हवं.

पैशाच्या बाबतीत एवढं धरून चाला की अनुदान हप्त्यानं येतं, आणि आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा ठरल्या कामावर खर्च झाल्याचा दाखला, गेल्याशिवाय पुढचा सुटत नाही. मार्चमध्ये घाई होते, मग मधले महिने कोरडे जातात. पहिला प्रस्ताव छोटा ठेवा, हप्ता लांबला तरी बंद पडणार नाही इतका. एका खाडीकाठच्या गटानं पहिल्याच वर्षी मोठी बोट मागितली होती. बोट आली, पण डिझेलची तजवीज नव्हती आणि ती किनाऱ्यावर उभी राहिली. त्या बायकांची मेहनत खरी होती, म्हणून ते बघताना फार वाईट वाटलं.

कामाला लागायचं तर पावसाळ्यातच लागा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या शाकारलेल्या असतात, माणसं घरी भेटतात. त्या दोन महिन्यांत वाडीवाडीत बसून समितीची नावं ठरवा, त्यात निम्म्या तरी बायका घ्या. मग १५ ऑगस्टच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत तुमचा विषय यायला हवा. त्यासाठी नोटीस निघायच्या आधीच ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ठरावाची सही-शिक्क्याची प्रत, गटाच्या पासबुकाचं पहिलं पान आणि तिथीचं ते वेळापत्रक, हे तीन कागद घेऊन जिल्ह्यातल्या कांदळवन कक्षाच्या अधिकाऱ्यांना भेटा. प्रस्तावाचा मसुदा झाला की इथे टाका, मी वाचून सांगेन.