वाचकांचे प्रश्न : चोवीस कॅरेटचं नाणं

प्रश्न : दहा ग्रॅमचं नाणं घ्यायचंय. इतवारीच्या सराफा ओळीत ९९५, ९९९ आणि ९९९.९ असं तिन्ही दाखवतात. शेवटच्याची घडणावळ जास्त आहे. घ्यावं का? (धरमपेठ)

उत्तर : हा आकडा म्हणजे हजार भागांत शुद्ध सोनं किती. दहा ग्रॅममध्ये ते अनुक्रमे ९.९५०, ९.९९० आणि ९.९९९ ग्रॅम भरतं. हिशोबाला सोपा म्हणून भाव ग्रॅमला १०,००० धरा. ९९५ आणि ९९९ मध्ये ४०० रुपयांचा फरक पडतो, ९९९ आणि ९९९.९ मध्ये फक्त ९० रुपयांचा. त्यापेक्षा जास्त घडणावळ मागत असतील तर ९९९ घेऊन मोकळे व्हा.

खरा पैसा दुसरीकडेच जातो. त्याच भावाने सोनं एक लाखाचं, घडणावळ २ टक्के म्हणजे २,०००, त्यावर ३ टक्के जीएसटी ३,०६०. एकूण १,०५,०६०. मोडताना सराफाने १ टक्का कापला तर भाव सहा टक्क्यांवर चढेपर्यंत तुम्ही घाट्यातच. एक-एक ग्रॅमची दहा नाणी घेतली तर घडणावळ आणखी वाढते. गुंतवणूकच करायची तर एकच मोठं घ्या.

प्रश्न : बँकेतून घेतलेलं नाणं बँक परत घेईल का? (सक्करदरा)

उत्तर : नाही. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँका नाणी विकू शकतात, परत विकत घेऊ शकत नाहीत. मोडायला सराफाकडेच जावं लागतं. म्हणून सीलबंद पाकीट फोडू नका आणि बिल जपा. दोन वर्षांनंतर विकलं तर नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि खरेदीची किंमत बिलावरूनच सिद्ध होते. तारण ठेवायचं झालं तर नाण्यांची मर्यादा माणशी ५० ग्रॅम. बिस्किटावर कर्ज मिळतच नाही.

प्रश्न : आजीच्या पेटीत दहा ग्रॅमचं सुटं नाणं सापडलं, बिल नाही. घरी तपासता येईल? (महाल)

उत्तर : बऱ्यापैकी. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा हवा. त्यावर पाण्याचा ग्लास ठेवून काटा शून्य करा. नाण्याला शिलाईचा बारीक दोरा बांधून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काचेला टेकू देऊ नका. काट्यावर दिसेल ते बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. शुद्ध सोन्याची घनता १९.३२, म्हणजे ते पाण्याच्या तितके पट जड. म्हणून दहा ग्रॅमला आकडा १० भागिले १९.३२, म्हणजे ०.५२ च्या आसपास यायला हवा. बावीस कॅरेटचं असेल तर साधारण ०.५६ येतो, पितळेचं असेल तर थेट १.१ च्या पुढे. नाण्याला हवेचे बुडबुडे चिकटले तर आकडा फुगतो आणि अस्सल नाण्यावर उगाच संशय येतो. बोटाने हळूच झटकून पुन्हा बघा. एका ग्रॅमच्या नाण्यावर हा प्रयोग करू नका : तिथे ०.०५ येतो, आणि काट्याची चूकच त्यापेक्षा फार लहान नसते.

एक फट मात्र उरते. आत टंगस्टन धातू आणि वर सोन्याचा थर असेल तर हा प्रयोग फसतो : टंगस्टनची घनता १९.२५, म्हणजे सोन्याला जवळजवळ जुळी. सराफाचं कॅरेटमीटर, म्हणजे कस मोजायचं यंत्रही फक्त वरचा पापुद्रा वाचतं. संशय असेल तर गाळणं हाच उपाय : सोनं १०६४ अंशांना वितळतं, टंगस्टन ३,४०० च्याही वर, मुशीत तो तसाच उरतो.

प्रश्न : ९९९.९ च्या नाण्यावर लाल ठिपका आलाय. फसवणूक? (सीताबर्डी)

उत्तर : बहुधा नाही. पत्रा लाटताना किंवा ठसा मारताना चिकटलेला तांब्या-चांदीचा कण हवेने काळपट-लाल होतो. रिठा, टूथपेस्ट, कापड काहीही घासू नका. चोवीस कॅरेट इतकं मऊ की ओरखडा लगेच उठतो, आणि संग्राहक ओरखड्याला ठिपक्याहून जास्त कमी किंमत लावतो. नाणं नेहमी कडेने धरा, पीव्हीसीच्या पाकिटाऐवजी ॲक्रिलिकच्या डबीत ठेवा. मोडायचंच असेल तर ठिपक्याची काळजी सोडा, सराफ वजन आणि कसच बघतो.